नॉमिनी सासूबाई आहेत, म्हणून पैसा त्यांचाच का?

वकीलताई, नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून लिहिते आहे. माझे मिस्टर अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. १९९९ ला नोकरीला लागले. गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि चौथ्याच दिवशी वर्गात त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीचे होते. आमचं लग्न २००६ चं. मुलगी यंदा दहावीला आहे, मुलगा अकरा वर्षांचा आहे. सासरे नाहीत. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्या आमच्याजवळच असतात.

आता कळलं की नोकरीला लागल्यावर त्यांनी फंडाला आणि ग्रॅच्युइटीला आईला नॉमिनी केलं होतं, आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून गेलं. दीर म्हणतात, नॉमिनी आई आहे, तेव्हा सगळा पैसा आईचा. त्यांनी पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून आणलंय की फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि इतर सर्व लाभांवर माझा आणि मुलांचा हक्क नाही. सही कर आणि घरात सुखाने राहा, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई गप्प आहेत. यांच्या जागी अनुकंपाच्या नोकरीवरही तेच लागणार आणि आम्हाला सांभाळणार. यांचं एटीएम कार्ड त्यांच्याकडेच आहे. शाळेतले क्लार्क म्हणतात, कोर्टाचा वारस दाखला आणा, तोवर पेन्शनची फाईल हलणार नाही. शिक्षक पतसंस्थेचं साडेचार लाखांचं कर्ज आहे, दोन सर जामीन आहेत. आठ महिने झाले, एक रुपया हातात आलेला नाही. शिवणकामावर घर चालवते आहे.

सही केली नाही तर लोक म्हणतील, नवऱ्याची राख थंड व्हायच्या आत पैशासाठी भांडायला उभी राहिली. मी काय करू?

* * *

ताई,

त्या स्टॅम्प पेपरवर सही करू नका. आज नको आणि उद्याही नको. ‘नुसती फॉर्म्यालिटी आहे’ असं घरातल्या कुणी पाया पडून सांगितलं तरी नको. एवढं मनाशी पक्कं करा आणि मग पुढचं सावकाश वाचा. जमलं तर मुलीला शेजारी बसवून वाचा. दहावीची मुलगी आहे, तिला हे समजेल आणि तिला ते कळायलाही हवं.

दिरांनी एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी बांधल्या आहेत: पेन्शन, फंड, ग्रॅच्युइटी आणि अनुकंपाची नोकरी. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं एकच गाठोडं आहे आणि त्याची दोरी नॉमिनीच्या हातात आहे. कायद्यात तसं नाही. पेन्शनचा नियम निराळा, फंड-ग्रॅच्युइटीचा निराळा आणि नोकरीचा तर अगदीच निराळा.

पेन्शनपासून सुरू करते, कारण उद्याची चूल त्यावर पेटणार आहे. तुमचे मिस्टर १ नोव्हेंबर २००५ च्या आधी अनुदानित शाळेत लागले, त्यामुळे त्यांना जुनी पेन्शन, म्हणजे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू आहेत. त्यात नियम ११६ कुटुंब निवृत्तिवेतनाचा आहे. कर्मचारी सेवेत असताना वारला तर हे वेतन आधी त्याच्या विधवेला मिळतं आणि तिच्यानंतर ठरावीक वयापर्यंत मुलांना. विधवा हयात असताना आईचा क्रम लागत नाही, भावाचा तर प्रश्नच येत नाही. इथे नॉमिनेशन बघितलंच जात नाही, कारण कुटुंब निवृत्तिवेतन ही नवऱ्याने मागे ठेवलेली मालमत्ता नाही. ते नियमाने थेट तुमच्या नावावर सुरू होतं.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरचं प्रकरण आलं होतं. त्याचं बायकोशी पटत नव्हतं आणि त्याने मृत्युपत्र करून येणं भावाच्या नावे लिहून ठेवलं होतं. भाऊ कोर्टात उभा राहिला. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, ते नियमात ज्या कुटुंबीयांची नावं बसतात त्यांचंच. आता बघा, तिथे निदान मृत्युपत्र तरी होतं. तुमच्या दिरांच्या हातात काय आहे? पंचवीस वर्षांपूर्वीचा एक फॉर्म, आणि तोही पेन्शनचा नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून उदाहरण देते. सरांचं शेवटचं मूळ वेतन ६८,००० होतं असं धरा. सेवेत मृत्यू झाल्यामुळे सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने, म्हणजे मूळ वेतनाच्या निम्मे, ३४,००० आणि त्यावर महागाई भत्ता. ती मुदत संपली की ३० टक्के, म्हणजे २०,४०० आणि त्यावर महागाई. हे मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असतं. तुमचे आठ महिने वाया गेलेले नाहीत, ती थकबाकी एकरकमी मिळेल.

आणि यासाठी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. क्लार्कला हे शांतपणे पण ठामपणे सांगा. ‘कोर्टाचा दाखला आणा’ हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की मला त्याचा राग येतो. पुष्कळदा त्यात वाईट हेतू नसतो. लिपिकाने असं प्रकरण आयुष्यात एकदाच हाताळलेलं असतं आणि अंगावर काही येऊ नये म्हणून तो सगळ्यात जड कागद मागतो. पण त्या एका वाक्याने बाई वर्षभर कोर्टाच्या पायऱ्या चढते आणि चूल थंड राहते. मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, आधार, तुमच्या नावाचं बँक खातं आणि फोटो घेऊन जा. सेवापुस्तकात कुटुंबाच्या तपशिलाचा एक नमुना लावलेला असतो. सरांनी लग्नानंतर त्यात तुमचं नाव लिहिलं असेल तर काम सोपं. नसेल लिहिलं, तरी तुम्ही त्यांच्या पत्नी आहात हे इतर कागदांवरून सिद्ध होतं.

फाईल कुठून कुठे जाते तेही माहीत असू द्या, म्हणजे ‘वर पाठवलंय’ एवढ्यावर तुमची बोळवण होणार नाही. प्रस्ताव मुख्याध्यापक तयार करतात, सेवापुस्तकाची वेतन पडताळणी होते, शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातून तो महालेखापालांकडे जातो आणि तिथून पेन्शनचा आदेश निघतो. यात उशीर होणार असेल तर तात्पुरतं कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूदही नियमांत आहे. अर्जात तेही मागा. अर्ज तोंडी नको. दोन प्रती करा आणि एकीवर पोहोच, शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मुख्याध्यापकांना एक आणि शिक्षणाधिकाऱ्यांना एक. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: माझ्या पतीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव आज कोणाच्या टेबलावर आहे आणि कोणत्या तारखेपासून? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बहुतेक वेळा उत्तर यायच्या आधी फाईल पुढे सरकलेली असते.

आता फंड आणि ग्रॅच्युइटी. इथे नॉमिनेशन आहे, म्हणून इथेच खरी गल्लत होते.

सर शाळेत होते, तर शाळेतलंच उदाहरण घेते. सहलीचे पैसे गोळा करायला वर्गाचा मॉनिटर नेमतात. पन्नास पोरांचे पैसे त्याच्या खिशात जमा होतात. बाईंनी त्याला नेमलं आहे, पावती त्याच्याच सहीची आहे, पण म्हणून ते पैसे त्याच्या घरचे होत नाहीत. नॉमिनीचं असंच आहे. कार्यालयाने कुणाच्या हातात रक्कम द्यावी एवढंच नॉमिनेशन सांगतं. त्या हातातून ती कुणाकुणाच्या पदरात पडावी हे वारसा कायदा सांगतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलं, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये कंपनीच्या शेअर्सबद्दल पुन्हा तेच सांगितलं.

२००९ चा निकाल तर तुमच्या घरातलाच वाटावा असा आहे. बँकेतल्या एका कर्मचाऱ्याने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं, लग्नानंतर बदललं नाही आणि तो वारला. आई म्हणाली, सगळं माझं. न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी रक्कम स्वीकारू शकतो, पण ती वाटली जाईल वारसा कायद्याप्रमाणे. त्या विधवेला तिचा हिस्सा मिळाला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संरक्षण लेखा विभागातल्या एका कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीवरून असाच वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. लग्नानंतर आईच्या नावाचं नॉमिनेशन टिकत नाही असं तिथे ठरलं आणि रक्कम आई आणि पत्नी यांच्यात समान वाटली गेली.

यातली एक गोष्ट तुम्हाला फार उपयोगी पडेल. नामनिर्देशनाच्या जुन्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना असतो: कोणती घटना घडल्यास हे नामनिर्देशन रद्द होईल. अविवाहित माणूस नोकरीला लागला की बहुतेक वेळा शाळेचे लिपिकच त्याला तिथे ‘विवाह झाल्यास’ असं लिहायला सांगायचे. सरांच्या फॉर्मवर तो रकाना भरलेला आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिथे तेवढे दोन शब्द असतील तर दिरांचा मुद्दा २००६ सालीच, तुमच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा संपलेला आहे. नसतील, तरी तुमचा हिस्सा कुठे जात नाही. फॉर्मची प्रत मुख्याध्यापकांकडे मागा. फंडाचा हिशेब वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाकडे, म्हणजे आपण ज्याला वेतन पथक म्हणतो तिथे असतो. फंडाच्या जुन्या स्लिपा सरांच्या कपाटात असतील. शिक्षक माणूस कागद टाकत नाही. माझे वडीलही शिक्षक होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आम्हाला एकोणतीस वर्षांच्या फंडाच्या स्लिपा दोऱ्याने बांधून ठेवलेल्या सापडल्या. सरांचं दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची त्यांच्याकडची प्रतही घरातच असेल. ते आधी शोधा आणि तुमच्या माहेरी नेऊन ठेवा.

हिस्से कसे पडतात? तुमच्या घराला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो असं धरून सांगते. पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई. सगळे समान. तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई, असे चार हिस्से. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ३२ लाख होत असतील तर प्रत्येकी ८. भाऊ या वर्गात नाही. तुमच्यापैकी एकही जण हयात असेपर्यंत त्याचा क्रमच येत नाही. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा राज्याने १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख केली आहे. सर त्यानंतर गेले, म्हणून हिशेब नव्या मर्यादेने झाला आहे का तेवढं बघून घ्या.

आता जे सांगते ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही. सासूबाईंचा चौथा हिस्सा खरा आहे. तो त्यांना नॉमिनी म्हणून मिळत नाही, त्या आई आहेत म्हणून मिळतो. दिरांवरच्या रागापोटी तो नाकारू नका, आणि कोर्टात ‘त्यांना काही देऊ नये’ असा अर्ज कुणी वकील लिहून देत असेल तर तो लिहू देऊ नका. पोटचा पोर डोळ्यांदेखत गेलेली ती बाई आहे. पुढे तो हिस्सा त्यांनी धाकट्या मुलाला दिला तरी तो त्यांचा अधिकार. त्यावर तुमचं-आमचं काही चालत नाही, आणि त्यापायी जीव जाळू नका. तुम्ही लिहिलंय की त्या गप्प आहेत. गप्प आहेत म्हणजे त्या विरोधात आहेत असं धरू नका. दिरांनी जे वाचून दाखवलं तेवढंच त्यांना माहीत असेल. त्यांच्याजवळ एकट्या बसा आणि सांगा: आई, तुमचा चौथा हिस्सा तुमच्या खात्यात येईल, माझा आणि पोरांचा आमच्या खात्यात येईल, मी कुणाचं काही ठेवून घेत नाही. अशा कितीतरी घरांत मी पाहिलं आहे की सासूला सुनेचं म्हणणं आठ महिने कुणी कळूच दिलेलं नव्हतं.

त्या तयार झाल्या तर पुढचं काम फार सोपं होतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली दिवाणी न्यायालयात उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. चौघांची नावं अर्जदार म्हणूनच घाला. मुलांच्या वतीने तुम्ही, कारण वडिलांच्या मागे आईच त्यांची नैसर्गिक पालक असते. फंड, ग्रॅच्युइटी, बँकेतली रक्कम, मुदत ठेवी, पतसंस्थेतले शेअर्स असं सगळं एकाच यादीत लिहा. वेगवेगळे अर्ज करत बसू नका. न्यायालय जाहीर नोटीस काढतं, कुणाची हरकत आली नाही तर प्रमाणपत्र मिळतं. मुलांचे हिस्से ती अठराची होईपर्यंत बँकेत ठेवायचा आदेश बहुधा होईल. त्याने हिरमुसू नका, तो पैसा उद्या कुणी तुमच्याकडे उसना मागितला तरी हलणार नाही.

सासूबाई तयार झाल्या नाहीत तर त्यांना सामनेवाले करून तुम्ही आणि मुलं अर्ज करा. वेळ जास्त लागेल, निकाल वेगळा लागायचं कारण नाही.

मात्र त्याच्याही आधी, याच आठवड्यात, एक पत्र वेतन पथकाला आणि एक मुख्याध्यापकांना द्या. मी मयताची पत्नी, दोन अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं वारस, नामनिर्देशनावरून वाद आहे, न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कुणालाही अदा करू नये. सोबत लग्नाचा आणि मुलांचा पुरावा जोडा. घाई अशासाठी की कार्यालयाने एकदा नॉमिनीला रक्कम दिली की कार्यालय मोकळं होतं. मग तुम्हाला तुमचा हिस्सा त्या खात्यातून काढावा लागतो आणि तोवर तिथे किती उरलेलं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पत्राला दाद मिळाली नाही तर दिवाणी न्यायालयातून मनाई घेता येते.

बँकेतही उद्याच जा. मृत्यूचा दाखला दाखवून खातं गोठवा. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम वापरणं हे कुणालाच चालत नाही, भावालाही नाही आणि तुम्हालाही नाही. खात्याचा जूनपासूनचा उतारा मागून घ्या. काही रक्कम निघालेली दिसली तर लगेच पोलिसात धावू नका. उतारा जपून ठेवा, वाटपाच्या वेळी तो हिशेबात धरता येतो.

सही आधीच करून बसलेल्या बायकाही हे वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते. निवृत्तिवेतन कायदा, १८७१ अजून लागू आहे आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे पुढे मिळायच्या पेन्शनचं कुणाच्या नावे लिहून देणं मुळातच रद्दबातल आहे. पाचशेचा स्टॅम्प असो की पाच हजाराचा, फरक पडत नाही. मुलांचा हिस्साही आईच्या एका सहीने असा परस्पर सोडून देता येत नाही. उरला तुमचा स्वतःचा हिस्सा. सही दबावाखाली, मजकूर न वाचता घेतली असेल तर तीही आव्हान देण्यासारखी असते, पण तिथे मेहनत पडते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी तेराव्याच्या दिवशी, जेवणाच्या पंगती बसलेल्या असताना अशी सही केली होती. त्या सहीतून बाहेर पडायला आम्हाला चार वर्षं लागली. तेवढ्यात तिच्या मुलाची बारावी उरकून गेली.

अनुकंपाबद्दल दिरांचं म्हणणं तर उभंच राहू शकत नाही. भावाचा विचार फक्त कर्मचारी अविवाहित असेल आणि भाऊ सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असेल तरच होतो. सरांना पत्नी आहे, मुलं आहेत. नोकरी मिळाली तर तुम्हाला किंवा पुढे मुलांपैकी एकाला. पण खोटी आशा दाखवणार नाही. अनुकंपा हा वारसा नाही. न्यायालयांनी हे अनेकदा सांगितलं आहे की ती कुटुंबाला अचानक आलेल्या आपत्तीतून सावरण्यासाठी दिलेली सवलत आहे. पद रिक्त हवं, तुमची पात्रता हवी, आणि प्रतीक्षायादी लांब असते. वयाची अट ४५ ची आहे. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण लग्नाचं साल बघता तुमच्याकडे फार वर्षं नसावीत. अर्ज सरांच्या वर्षश्राद्धाच्या आत द्याच. शिक्षकाच्या जागेसाठी डी.एड. किंवा बी.एड.सोबत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागेल. पदवी असेल तर कनिष्ठ लिपिकाचा विचार करा, त्याला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्दांचं लागतं. तालुक्याच्या गावात टायपिंगचा क्लास असतोच, आजच नाव घाला. शिपायाच्या जागेवर मात्र भिस्त ठेवू नका. डिसेंबर २०२० पासून अनुदानित शाळांत ती पदं नियमित वेतनावर भरण्याऐवजी शिपाई भत्ता दिला जातो.

या अर्जाला कुटुंबातल्या इतरांची ना-हरकत लागते आणि तुम्हाला सगळ्यांना सांभाळण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सासूबाईंची सही तिथे लागेल. त्यांच्याशी गोडीने घ्या असं मी वर म्हटलं, त्याला हेही एक कारण आहे. नोकरी लागली तरी कुटुंब निवृत्तिवेतन बंद होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

पतसंस्थेचं कर्ज तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण रात्री झोप उडवणारी गोष्ट तीच असणार. फंड आणि पेन्शन पतसंस्थेला जप्त करून घेता येत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे. वारसांची जबाबदारीही सरांकडून जे मिळालं त्याच्या मर्यादेतच, तुमच्या शिवणयंत्रावर किंवा माहेरच्या दागिन्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. पण त्या दोन जामीनदार सरांच्या पगारातून कपात सुरू होऊ शकते, आणि ते तुमच्या मिस्टरांच्या शब्दाखातर सही केलेले लोक आहेत. म्हणून पतसंस्थेत जाऊन पहिला प्रश्न हा विचारा की मयत सभासदासाठी कल्याण निधी, कर्जनिवारण निधी किंवा कर्जाचा विमा आहे का. शिक्षकांच्या पुष्कळ पतसंस्थांत दर महिन्याला पगारातून त्यासाठी थोडी रक्कम कापलेली असते आणि घरच्यांना पत्ताही नसतो. सरांचे शेअर्स आणि ठेवी वजा करून किती उरतं ते लेखी घ्या. जे उरेल त्यासाठी ग्रॅच्युइटी येईपर्यंत मुदत मागा. आणि त्या दोन सरांना स्वतः भेटा. ते शाळेतही तुमच्या बाजूने उभे राहतील. फाईल ढकलायला आतला माणूस लागतो तो हाच.

‘घरात सुखाने राहा’ या शब्दांत धमकी आहे, ती मला ऐकू आली. लग्नानंतर ज्या घरात तुम्ही नांदलात तिथे राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ तुम्हाला देतो. घर कुणाच्या नावावर आहे यावर तो अवलंबून नाही. नवरा वारल्यावरही तो हक्क टिकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका विधवेच्याच प्रकरणात सांगितलं आहे. दिरांना तुम्हाला बाहेर काढता येणार नाही.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. पेन्शनचं प्रकरण सगळीकडे अडलंच, तर उच्च न्यायालयात रिट याचिका आहे. आणि सोलापूरकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, तुमचा जिल्हा त्यातच येतो.

ज्या शिक्षकपत्नींचे पती १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागले, त्यांनी वरचं सगळं तसंच्या तसं स्वतःला लावू नये. त्यांच्यासाठी राज्याचा ३१ मार्च २०२३ चा शासन निर्णय आहे. सेवेत मृत्यू झाल्यास एनपीएसमधल्या, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) मिळू शकतं, पण विकल्प द्यावा लागतो. तो नीट समजून घेऊन द्या. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी आहे. २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. संस्थाचालक ‘आमच्याकडे ती पद्धत नाही’ म्हणाले तर ऐकून घेऊ नका.

आता लोकांचं. तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिलंत, पण सगळं पत्र त्या एका भीतीभोवती फिरतंय असं मला वाटलं. सव्वीस वर्षं तुमच्या मिस्टरांच्या पगारातून फंड कापला गेला. त्यातली एकोणीस वर्षं तो उरलेल्या पगारात घर बसवत तुम्हीही कापू दिलात. प्रत्येक महिन्याला घरात जे कमी आलं, ते तिथे साठलं. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नसून केलेल्या कामाचा मोबदला आहे. देशभरातले पेन्शनर म्हणून ती तारीख पाळतात. तुम्ही कुणाच्या ताटातलं मागत नाही आहात. तुमच्या गावातल्या शंभर घरांतली पोरं सरांकडून गणित शिकली. त्यांच्या स्वतःच्या मुलीची अकरावीची फी त्यांच्या कमाईतून भरली गेली तर त्यातलं कुणी नाव ठेवेल असं मला वाटत नाही. आणि दोघा-चौघांनी ठेवलंच, तर फी भरायला ते येणार नाहीत.

दिरांना सहीबद्दल काय सांगायचं, हा प्रश्न उरतो. भांडू नका. ‘वकिलांनी कोर्टातून करायला सांगितलंय, आईंचा हिस्सा त्यात धरला आहे’ एवढंच म्हणा आणि स्टॅम्प पेपरची झेरॉक्स मागून घ्या. मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल. तो कागद पुढे तुमच्याच कामाचा आहे.

सोमवारी शाळेत जाल तेव्हा नामनिर्देशनाच्या फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. त्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळवा. ‘विवाह झाल्यास’ असं असेल तर वेतन पथकाला द्यायच्या पत्राचा मजकूर थोडा बदलावा लागेल, तो मी तुम्हाला लिहून पाठवते.